मृत्युनोंदींवरून साथीचा मागोवा : चौल आणि मुंबई, इ. स. १८९६ ते १९१०

जुन्या कागदांच्या शोधांत गांवोगांव हिंडणाऱ्या संग्राहकाला सनदा, महजर, वतनपत्रें व वंशावळी यांचें मोल सांगावें लागत नाहीं. परंतु त्याच दप्तराच्या तळाशीं, बहुधा कसर लागलेल्या स्थितींत, आणखी एक वही असते. तिला गांवकरी ‘कोतवाल बुक’ म्हणतात. महसुली भाषेंत ती गांव नमुना नंबर चौदा होय. गांवांत कोण जन्मलें, कोण मेलें, केव्हां आणि कशानें, एवढेंच तींत लिहिलेलें असतें. ही वही सध्यां जात किंवा जन्मतारीख सिद्ध करण्यापुरती उघडली जाते. हवें तें नांव सांपडलें व नक्कल मिळाली, कीं ती पुन्हां गांठोड्यांत जाते. मृत्यूच्या कारणाच्या रकान्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं.

हा रकाना कसा वाचावा, त्यावरून साथीचा मार्ग कितपत लावतां येतो व वाचणाऱ्याची फसगत कोठें होते, हें चौल आणि मुंबई यांच्या उदाहरणानें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. काळ घेतला आहे तो इंग्लंडचा बादशहा सातवा एडवर्ड याच्या कारकीर्दीचा, म्हणजे इ. स. १९०१ ते १९१० चा. मात्र ज्या साथीनें हा काळ व्यापला ती इ. स. १८९६ त सुरू झाली, म्हणून आरंभ तेथून केला आहे. लेखाचें तात्पर्य आरंभींच सांगतों : रोग जेथें जडला, रोगी जेथें मेला आणि मृत्यु जेथें लिहिला गेला, हीं स्थळें नेहमीं एकच नसतात. हा भेद ध्यानांत न घेतां केलेली मृत्यूंची बेरीज इतिहासाच्या कामाची नाहीं.

चौलची ओळख वाचकांस नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. टॉलेमी व ‘पेरिप्लस’चा कर्ता यांनीं उल्लेखिलेलें सिमुल्ल किंवा सेमुल्ल तें हेंच, असें सामान्यतः मानलें जातें. रशियन प्रवासी अफनासी निकितीन इ. स. १४६९ च्या सुमारास येथेंच उतरला. इ. स. १५२१ पासून पोर्तुगीजांनीं कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंड्याचा कोट उभारला, व इ. स. १७४० त तो मराठ्यांकडे आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं मात्र चौलचें बंदर म्हणून महत्त्व सरलें होतें. कुलाबा जिल्ह्याच्या (इ. स. १९८१ पासून रायगड जिल्हा) अलिबाग तालुक्यांतील नारळीपोफळीच्या वाड्यांचें तें एक गांव होतें. पण समुद्र तुटला नव्हता. कोंकणचीं माणसें मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत व घरकामांत होतीं, आणि तीं शिमग्याला, लग्नसराईला व आजारपणांत गांवीं येत.

१. रोगांचीं नांवें

साथीच्या शोधांत पहिली अडचण शब्दांची. भिन्न प्रकृतीचीं, भिन्न आहाराचीं व भिन्न वयाचीं माणसें एकाच वेळीं एकाच रोगानें कशीं मरतात, हा प्रश्न चरकसंहितेच्या विमानस्थानांतील ‘जनपदोद्ध्वंसनीय’ नांवाच्या तिसऱ्या अध्यायांत अग्निवेशानें पुनर्वसु आत्रेयांस विचारला आहे. वायु, उदक, देश व काल हीं चार सर्वांस समान असल्यानें तीं बिघडलीं कीं जनपद नष्ट होतें, हें त्याचें उत्तर. शास्त्रकारांच्या या मांडणींत रोगाच्या नांवापेक्षां त्याच्या समान कारणाला महत्त्व आहे. गांवची वही लिहिणाऱ्याला मात्र नांवच लिहावयाचें असतें, आणि नांवें अर्थ बदलीत असतात.

‘मोडशी’ हा शब्द पाहा. आज घरगुती बोलण्यांत मोडशी म्हणजे अपचन. परंतु गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें इ. स. १५६३ त गोव्यांत छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथांत वांती व रेच होऊन थोड्या वेळांत माणसास मारणाऱ्या रोगाचें देशी नांव ‘मोरशी’ असें दिलें असून पोर्तुगीज लोक त्याचाच अपभ्रंश ‘मोर्देशी’ असा करतात, असें नमूद केलें आहे. या ओर्ताचें अहमदनगरच्या निजामशहाकडे वैद्य म्हणून जाणें-येणें होतें, व चौल त्याच्या माहितीचें होतें. पुढें याच शब्दाला फ्रेंचांनीं आपल्या भाषेंत ‘कुत्र्याचें मरण’ असा अर्थ होईल असें रूप दिलें. जो शब्द आमच्या स्वयंपाकघरांत सौम्य होऊन राहिला, तो दर्यापार भयंकर होऊन गेला. उलट ‘इस्पितळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आम्हांकडे आला व घरचाच झाला. रोगाचें नांव आम्हीं दिलें आणि रोग्यास ठेवण्याच्या जागेचें नांव आम्हीं घेतलें, असा हा व्यवहार आहे.

प्लेगची गोष्ट याहून निराळी. जुन्या कागदांत ‘मरी’ किंवा ‘महामारी’ आढळली कीं कित्येक लेखक तिचें भाषांतर प्लेग असें करतात. तें बरोबर नाहीं. मरी म्हणजे पुष्कळ माणसें मारणारी कोणतीही साथ. ‘जरीमरी’ या देवतेच्या नांवांत तोच व्यापक अर्थ आहे. इ. स. १८९६ नंतर जांघेंत, काखेंत किंवा मानेंत गांठ येणाऱ्या तापाला लोकांनीं ‘गांठीचा ताप’ म्हटलें, व संस्कृत जाणणाऱ्या वैद्यांनीं ‘ग्रंथिक ज्वर’, ‘ग्रंथिक संनिपात’ अशीं नांवें योजिलीं. हीं नांवें जेथें आढळतील तेथें रोगनिश्चय बराच पक्का समजावा. नुसती मरी आढळली तर केवळ साथ होती एवढेंच म्हणावें.

२. मुंबईंतील साथ आणि इस्पितळें

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत काम करणारे डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा ताप प्लेगचा असल्याचें ओळखलें व ता. २३ रोजीं तें जाहीर झालें. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा व गोदीलगतचा भाग. दाणा तेथें, म्हणून उंदीर तेथें. पुढील कांहीं महिन्यांत लाखों लोक शहर सोडून गेले. इ. स. १८९७ च्या ४ फेब्रुवारीस साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चांत जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं प्लेग कमिटी नेमली गेली. घरोघर तपासणी, रोग्यास इस्पितळांत नेणें, सहवासांतील माणसें वेगळ्या छावणींत ठेवणें, घरें धुणें व सामान जाळणें, असा तिचा कार्यक्रम होता.

संसर्गजन्य रोगांसाठीं मुंबईंत ऑर्थर रोडवर इस्पितळ होतें; तेंच पुढें कस्तुरबा रुग्णालय या नांवानें चालू राहिलें. इ. स. १८९६ च्या ऑक्टोबरच्या २९ तारखेस सुमारें हजार गिरणीकामगारांनीं या इस्पितळावर हल्ला केला. आंत नेलेला माणूस जिवंत परत येत नाहीं, त्याच्या शरीरांतून मोमियाई काढतात, अशा समजुती पसरल्या होत्या. त्यांचें मूळ केवळ अज्ञानांत शोधूं नये. प्लेगवर उतारा पडेल असें औषध त्या काळीं नव्हतेंच, तें इ. स. १९४० नंतरच्या दशकांत आलें. गांठीच्या प्लेगांत निम्म्याहून अधिक रोगी दगावत, आणि लोक अखेरच्या घटकेपर्यंत रोगी लपवीत असल्यानें इस्पितळांत येणारे बहुतेक हाताबाहेर गेलेले असत. इस्पितळाच्या मृत्युसंख्येचा अर्थ लावतांना हें विसरतां कामा नये. ती संख्या इस्पितळाच्या शुश्रूषेचें माप नव्हे. उशिराचें माप आहे.

सोंवळेंओंवळें, गोषा व परक्या हातचें अन्न यांचा प्रश्न सुटावा म्हणून पुढें जातीजातींनीं व पंथांनीं आपापलीं तात्पुरतीं इस्पितळें काढलीं, आणि सरकारनें तीं मान्य केलीं. पुण्यास लोकमान्य टिळकांनीं हिंदु प्लेग इस्पितळ चालविलें. हडपसरजवळ सावित्रीबाई फुले यांनीं रोग्यांची सेवा केली व त्यांतच रोग जडून इ. स. १८९७ च्या १० मार्चास त्यांचा अंत झाला. पुण्यांतील सक्तीच्या तपासणीचा शेवट त्याच वर्षीं २२ जूनच्या रात्रीं रँड यांच्यावरील हल्ल्यांत झाला. एडवर्डच्या कारकीर्दीपर्यंत सरकारनें सक्तीचा बराच भाग सोडून दिला होता, आणि भर लस टोंचण्यावर व घरें मोकळीं करण्यावर आला होता. ही लस हाफकिन यांनीं मुंबईंतच तयार करून इ. स. १८९७ च्या १० जानेवारीस प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती. त्यांची प्रयोगशाळा इ. स. १८९९ त परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें आली.

३. उंदीर, पिसू आणि गांठोडें

साथ एका गांवाहून दुसऱ्या गांवास कशी जाते, हें याच परळच्या इमारतींत ठरलें. फ्रेंच वैद्य सिमाँ यांनीं इ. स. १८९८ त कराचीस उंदरावरील पिसवेचा संबंध दाखविला होता. परंतु तो फारसा कोणी मानला नाहीं. इ. स. १९०५ त नव्यानें नेमलेल्या प्लेगसंशोधन मंडळानें मुंबईंत एका वर्षांत लक्षाहून अधिक उंदीर तपासले, ते कोणत्या घरीं व कोणत्या तारखेस सांपडले हें टिपलें, आणि माणसांच्या मृत्यूंशीं ताडून पाहिलें. शीव, वडाळा, परळ व वरळी या, त्या वेळीं गांवपण राखून असलेल्या वस्त्यांचा त्यांनीं स्वतंत्र अभ्यास केला.

निष्पन्न झालें तें असें. आधीं गटारांतील मोठे तपकिरी उंदीर मरतात. सुमारें दहा दिवसांनीं घरांतील काळे उंदीर मरतात. त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनीं माणसांचा क्रम येतो. मेलेल्या उंदरास सोडून भुकेली पिसू माणसाकडे वळते. गांठीचा प्लेग एका माणसापासून दुसऱ्यास सरळ जडत नाहीं. फुप्फुसाचा प्लेग तेवढा जडतो. म्हणूनच प्लेगच्या इस्पितळांतील परिचारकांस हा रोग क्वचितच होई. ज्या जागेचें लोकांना भय वाटे, ती हवेशीर, उंदीर नसलेली इस्पितळाची कोठी बहुधा सुरक्षित होती. आणि ज्या घरांत रोगी लपविला जाई, तें घर घातक होतें.

आमच्या कामास सर्वांत उपयोगी निष्कर्ष पुढचा आहे. दूरच्या गांवीं रोग जातो तो बहुधा माणसाच्या कपड्यांतून किंवा सामानांतून गेलेल्या पिसवांबरोबर. आणि तें सामान नेणारा माणूस स्वतः आजारी पडेलच असें नाहीं. मुंबईहून आलेलें गांठोडें चौलच्या एखाद्या माजघरांत सोडलें गेलें, तर प्रथम त्या घरचे उंदीर मरावयाचे, व दोन-तीन आठवड्यांनीं शेजारच्या घरचें माणूस. वहींत पहिलें नांव त्या शेजाऱ्याचें येईल. गांठोडें आणणाऱ्याचें नांव तींत कधींच येणार नाहीं. ‘अमक्यानें रोग आणला’ अशी परंपरागत समजूत एखाद्या गांवीं सांगितली गेली, तर ती खरीही असेल आणि त्या माणसाचा मृत्युलेख नसणें हा तिच्याविरुद्ध पुरावा होणार नाहीं. परंतु पहिला मेला त्यानेंच रोग आणला, हें अनुमान मात्र सर्वस्वी टाकाऊ आहे. अशा अनुमानांनीं कित्येक घराण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या ठपका राहिला असेल. तो दूर करणें हेंही संशोधकाचें कर्तव्य आहे.

४. वही कशी वाचावी

मृत्यूचें कारण वैद्य ठरवीत नसे. घरच्या माणसानें सांगावें, कोतवालानें ऐकावें, पाटलानें किंवा तलाठ्यानें लिहावें, असा क्रम असे. कारणांचे वर्गही सरकारनें ठरविलेले व मोजकेच : पटकी, देवी, ताप, हगवण, श्वासाचे रोग, इजा व इतर, त्यांत इ. स. १८९६ नंतर प्लेगची भर पडली. यांपैकीं ‘ताप’ हा वर्ग समुद्रासारखा आहे. सर्व नद्या त्यास मिळतात. हिंवताप, विषमज्वर, बाळंतरोग व लपविलेला प्लेग, सारे त्यांत जातात. प्लेग सांगितला तर घर रिकामें करावें लागेल, सामान जाळलें जाईल, या भीतीनें ‘ताप’ हा शब्द सोयीचा होता.

यावर उपाय महिन्यांचा. वहींतील तापाचे मृत्यु महिनावार मांडावे. कोंकणांत हिंवतापाचा जोर पावसाळ्यानंतर, आश्विन-कार्तिकाच्या सुमारास असतो. मुंबईंतील प्लेग जानेवारीपासून वाढून मार्च-एप्रिलांत कळसास जाई, व उन्हाळा तापून पाऊस आला कीं ओसरे. म्हणून मुंबईशीं नित्य दळणवळण असलेल्या किनाऱ्यावरील गांवीं माघ-फाल्गुनांत तापाचे मृत्यु एकाएकीं वाढलेले दिसले, तर तेथें लपविलेल्या प्लेगचा संशय घ्यावा. हाच नियम घाटावर लावूं नये. पुण्यास प्लेगचा जोर पावसाळ्याच्या अखेरीस व त्यानंतर असे. तसेंच इ. स. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांतील तापाचे मृत्यु बहुतांशीं इन्फ्ल्यूएंझाचे समजावे. त्या साथीनें या देशांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं, आणि तींही वहींत ‘ताप’ म्हणूनच उतरलीं.

दुसरी गोष्ट घरांची. एकाच घरांत किंवा एकाच आळींत आठ-पंधरा दिवसांच्या अंतरानें मृत्यु पडले असतील, तर प्लेगचा संशय बळावतो. पटकीचे मृत्यु याहून दाट, दोन-चार दिवसांत, एका विहिरीच्या आश्रयानें राहणाऱ्या घरांत पडतात. तिसरी गोष्ट रिकाम्या पानांची. प्लेगच्या दिवसांत गांव सोडून माळावर झोपड्या घालून राहण्याची चाल सर्वत्र पडली होती. ऐन साथींत दोन-तीन आठवडे एकही नोंद नसेल, तर कोणी मेलें नाहीं असें न मानतां, लिहिणारा गांवांत होता काय, हें आधीं पाहावें.

चौथी गोष्ट हीच मुख्य. मृत्यु जेथें घडतो तेथेंच तो लिहिला जातो. चौलचा गिरणीकामगार ऑर्थर रोडवर मेला, तर चौलच्या वहींत तो नाहीं. उलट रोग जडल्यापासून ताप येईपर्यंत साधारणपणें दोन ते सहा दिवस जातात. तेवढ्या अवधींत निरोगी दिसणारा माणूस मुंबईहून होडीनें किंवा आगबोटीनें सहज गांवीं पोंचतो. तो गांवीं मेला, कीं मुंबईचा मृत्यु चौलच्या खातीं पडतो. शहराच्या आंकड्यांतही हाच घोळ आहे. मुंबईची लोकसंख्या इ. स. १८९१ त ८,२१,७६४ होती, ती इ. स. १९०१ त ७,७६,००६ भरली, व इ. स. १९११ त ९,७९,४४५ झाली. मधली तूट सारी मृत्यूची नव्हे. इ. स. १९०१ ची शिरगणती १ मार्चास, म्हणजे ऐन प्लेगच्या हंगामांत झाली; पुष्कळ माणसें तेव्हां आपल्या गांवीं होतीं. शहराच्या गणतींत गळालेलीं हीं माणसें गांवच्या वहींत शोधावयाचीं असतात.

पांचवें साधन आमच्या धर्मकृत्यांत आहे. घराण्यांच्या श्राद्धतिथींच्या याद्या व क्षेत्रोपाध्यायांच्या नामावळ्या यांचा येथें उपयोग होतो. शहरांत मेलेल्या माणसाची तिथि घरीं पाळली जातेच. एका गांवांतील अनेक कुळांच्या तिथी माघ वद्यापासून चैत्र शुद्धापर्यंत गर्दी करून आढळल्या, तर वहींत नसलेले मृत्यु तेथें उभे राहतात. मात्र तिथीस शक दिलेला नसला तर तिला एकटीला साक्षीस उभें करूं नये.

वाचनासंबंधीं एक सूचना. यांतील कित्येक वह्या मोडींत आहेत. आधीं रेघ ओढून शब्द सलग लिहिण्याच्या त्या पद्धतीमुळें एका रकान्यांतील मजकूर दुसऱ्यांत घुसतो, व ऱ्हस्वदीर्घाचा भेद मिळत नाहीं. नांव, कारण व वय यांचे रकाने प्रथम वेगळे करून घ्यावे आणि मगच लिप्यंतर करावें.

५. देवी

चौलास शीतलादेवीचें प्रसिद्ध देऊळ आहे. मसूरिका या रोगाचें शीतलेशीं नातें भावप्रकाशासारख्या वैद्यकग्रंथांतही आलें आहे, आणि मराठींत तर रोग व देवता यांस ‘देवी’ हें एकच नांव. प्लेग लोकांनीं लपविला. देवी लपविल्या नाहींत. अंगावर आलेली ती घरीं आलेली पाहुणी मानली जात असल्यानें, आणि तिचे व्रण उघड दिसत असल्यानें, या रकान्यांतील नोंद तापापेक्षां पुष्कळ विश्वसनीय असते. गोवर व कांजिण्या यांची सरमिसळ तेवढी सोडून द्यावी.

हिंदुस्थानांत गाईच्या देवीची पहिली यशस्वी टोंचणी मुंबईसच, इ. स. १८०२ च्या १४ जूनला, तीन वर्षांच्या एका मुलीस झाली. इ. स. १८७७ त मुंबई शहरासाठीं टोंचणीचा कायदा झाला. रोग मात्र पुढें शंभर वर्षें टिकला. या देशांतील अखेरचा रोगी इ. स. १९७५ त आढळला. शीतलेचें देऊळ आहे, रोग नाहीं. देऊळ सांगतें कीं भय होतें. कोणत्या वर्षीं, कोणत्या आळींत व किती मुलें गेलीं, हें वहीच सांगूं शकते.

६. संग्राहकांस विनंति

इ. स. १९६९ च्या कायद्यानें जन्ममृत्यूच्या नोंदीची व्यवस्था बदलली आणि जुन्या वह्या नित्याच्या कामांतून गेल्या. आतां दाखल्यासाठीं त्या पुन्हां पुन्हां उलटल्या जात आहेत, व प्रत्येक वेळीं कडेचा तुकडा गळतो. ज्या गांवीं ही वही शाबूत असेल तेथील अधिकाऱ्यांच्या परवानगीनें तिची संपूर्ण प्रतिमा घ्यावी. हवें तेवढेंच पान घेऊं नये, कारण साथ ही एका पानावर दिसत नाहीं. नक्कल करतांना ‘ताप’ असेल तेथें ‘ताप’च लिहावें, आपला तर्क समासांत द्यावा. नांवें व जाती प्रसिद्ध करतांना आज हयात असलेल्या घराण्यांस कमीपणा येणार नाहीं, अशी काळजी घ्यावी. आणि वही संग्रहासाठीं उचलून आणूं नये. गांवच्या दप्तरांतच ती सुरक्षित राहील अशी तजवीज करावी, कारण आळ्यांचीं नांवें, विहिरी व वाड्या ओळखणारीं माणसें तेथेंच आहेत.

सनदेंत ज्यांचीं नांवें आहेत त्यांची आठवण ठेवण्यास सनद आहे. कोळी, आगरी, भंडारी, माळी, महार, बेने इस्राएल, ब्राह्मण, सर्व जातींचीं लेंकरें, लेंकुरवाळ्या व म्हातारीं माणसें एकाखालीं एक जेथें सारख्या अक्षरांत लिहिलीं गेलीं, असा आमच्या गांवांतील कागद बहुधा हा एकच आहे. चौलच्या इतिहासांत कोटाचे वेढे पुष्कळदां वर्णिले गेले. फाल्गुनांतील एका पंधरवड्यांत एका आळीला रोगाचा जो वेढा पडला, तोही त्याच इतिहासाचा भाग आहे, आणि त्याचा पुरावा अजून कांहीं वर्षें तरी वाचतां येण्यासारखा आहे.